गहू सोडला की मूल बोलेल?

मुळशी तालुक्यातील जांबे येथे शिक्षकांशी गप्पा मारताना एका बाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांच्या वर्गातील एक स्वमग्न मुलगा डब्यातली पोळी आणि बिस्किटे एवढेच खातो. भाजी नुसती दिसली तरी रडतो. ‘त्याला गव्हाचे व्यसन लागले आहे. गहू आणि दूध बंद करा, मूल बोलू लागेल,’ असे कोणीतरी त्याच्या आईला सांगितले होते. हे खरे मानावे का?

आधी ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. कणकेचा गोळा पाण्यात चोळून धुवा. पिठूळ पाणी निघून जाते आणि हाती चिवट, रबरासारखा पदार्थ उरतो. तेच ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिने. ज्वारीच्या पिठातून असा गोळा मिळत नाही. दुधातील मुख्य प्रथिन म्हणजे केसीन.

स्वमग्नतेची काही लक्षणे मेंदूतील अफूसदृश द्रव्यांच्या परिणामांसारखी दिसतात, असे याक पँकसेप यांनी १९७९ साली मांडले. पुढे नॉर्वेचे कार्ल राइकेल्ट आदींनी म्हटले, की ग्लुटेन व केसीन यांचे अर्धवट पचलेले तुकडे आतड्यातून रक्तात आणि तेथून मेंदूत जातात व अफूसारखे काम करतात. असे तुकडे प्रयोगशाळेत मिळतात, हे खरे. पण ते या मुलांच्या शरीरात जास्त असतात का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील तपासणीत स्वमग्न मुलांच्या लघवीत असे तुकडे आढळले नाहीत.

आता प्रत्यक्ष प्रयोग पाहू. नॉर्वेत २० मुलांपैकी निम्म्यांना वर्षभर असा आहार दिला. २००२ च्या अहवालात त्यांच्यात सुधारणा नोंदली गेली. मात्र मूल कोणत्या गटात आहे हे पालकांना ठाऊक होते. अमेरिकेत फ्लोरिडा येथे १५ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला (२००६). त्यात पालकांना किंवा तपासणाऱ्यांना आहार कोणता ते माहीत नव्हते. मोजमापांत लक्षणीय फरक दिसला नाही, तरी काही पालकांना मूल सुधारल्यासारखे वाटले. रॉचेस्टर येथील १४ मुलांच्या प्रयोगातही (२०१६) गुपचूप गहू वा दूध दिल्याने झोप, पोट किंवा वागणे बिघडले नाही.

हे सारे प्रयोग लहान आहेत. एकाही मुलाला फायदा होत नाही, असे त्यांवरून म्हणता येणार नाही. पण दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. पालक खोटे बोलतात असेही नाही. मूल वाढते, शिकते. आणि आशेने पाहणाऱ्याला बदल लवकर दिसतो.

मग व्यसनाचे काय? ‘मागतो म्हणून व्यसन, आणि व्यसन म्हणून मागतो’ हा युक्तिवाद वर्तुळात फिरतो. मुळशी हा भाताचा मुलूख. एखादे मूल नुसता पांढरा भात किंवा बटाट्याचे वेफर्सच मागत असेल तर? त्यांत ना ग्लुटेन, ना केसीन. साधे स्पष्टीकरण असे, की अशा अनेक मुलांना चव, वास, स्पर्श फार तीव्र जाणवतात आणि त्यांना बदल नको असतो. पुड्यातले बिस्किट रोज तसेच लागते. भाजी रोज वेगळी.

म्हणूनच हा दावा निरुपद्रवी नाही. जे मूल दोनच पदार्थ खाते, त्याचे तेच काढून घेतले तर उरते काय? दूध बंद केल्यास कॅल्शियम व प्रथिने दुसरीकडून द्यावी लागतात. भाकरी, भात, नाचणी आपल्याकडे आहेतच, त्यामुळे गहू टाळण्यासाठी महागडी पाकिटे लागत नाहीत. पण मूल भाकरी खाईल तेव्हा ना!

एक अपवाद महत्त्वाचा. सिलिअॅक रोगात ग्लुटेनमुळे आतड्याला खरोखर इजा होते. सतत जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे न्यावे. त्याची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वी व्हायला हवी. नंतर ती फसवी ठरू शकते.

बाईंना आम्ही एवढेच सुचवले: मूल काय खाते याची महिनाभर नोंद ठेवा, ती आईमार्फत डॉक्टरांना दाखवा, डब्यावरून रागावू नका, नवा पदार्थ पोळीशेजारी नुसता ठेवून पाहा. आणि बोलण्यासाठी वाचा-उपचार सुरू करायला सांगा. आहाराच्या आशेवर त्यातले एक वर्षही वाया जाऊ नये.