‘सर’ शब्दाचीं कुळें आणि आमचें दप्तर-वाचन

जुन्या कागदांचीं नागरी वाचनें छापतांना तळाशीं कठिण शब्दांच्या व्युत्पत्ति देण्याचा प्रघात इष्टच आहे. परंतु या टिपांतून एक सिद्धांत न बोलतां गृहीत धरलेला पुष्कळदां आढळतो. तो असा कीं, ज्यांचें रूप एक त्यांचें मूळहि एक. हा सिद्धांत खोटा आहे, आणि त्यानें केवळ टिपाच नव्हे तर मूळ पाठहि बिघडतो, असें आमचें म्हणणें आहे. उदाहरणास ‘सर’ हा दोन अक्षरांचा शब्द पुरे होईल.

मोत्यांचा सर पुल्लिंगी आहे, पावसाची सर स्त्रीलिंगी आहे, आणि काव्यांतील मानससर नपुंसकलिंगी आहे. हे तिन्ही शब्द सृ धातूकडे नेण्याची चाल आहे. पण ‘अमक्याची सर तमक्यास येत नाहीं’ असें आपण म्हणतों, तेथील स्त्रीलिंगी ‘सर’ निराळी. तिचें कुळ संस्कृत सदृश, प्राकृत सरिस या बाजूस लागतें. पावसाच्या सरी होतात, साम्याच्या सरी कोणी म्हणत नाहीं. एवढ्या एका वचनभेदावरूनहि दोन स्त्रीलिंगी ‘सर’ ओळखतां येतात.

आतां दप्तरांतला ‘सर’ घेऊं. सरनोबत, सरदेशमुख, सरकार यांतील ‘सर’ फार्सी असून त्याचा अर्थ डोकें, मुख्य. संस्कृताचा व्यासंग असलेल्या वाचकास येथें सृ आठवतो, व ‘पुढें सरतो तो सर’ असा विग्रह त्यास सुचतो. विग्रह सुबक आहे, खरा मात्र नाहीं. संस्कृतांत जेथें ‘श’ तेथें फार्सींत पुष्कळ ठिकाणीं ‘स’ येतो. आपलें शत तें त्यांचें सद. आपला श्याव म्हणजे काळसर, तो त्यांचा सियाह. याच नियमानें फार्सी ‘सर’ हा आपल्या ‘शिरस्’चा सख्खा भाऊ ठरतो. म्हणजे ज्याचा चेहरा हुबेहूब आपल्यासारखा तो ‘सर’ परका निघाला, आणि ज्याचा चेहरा जुळत नाहीं तो ‘शिरस्’ घरचा निघाला.

शाळेंत मुलें शिक्षकास ‘सर’ म्हणतात, तो आणखी तिसऱ्याच घरचा. इंग्रजीनें तो फ्रेंचांकडून घेतला, व त्याचें मूळ लॅटिन ‘सेनिऑर’, म्हणजे वयानें वडील. या लॅटिन शब्दाचा संस्कृतांतील आप्त ‘सन’, म्हणजे जुना. ‘सनातन’ हा त्याच घराण्यांतला. तेव्हां शाळेंतला ‘सर’ व्युत्पत्तीनें वृद्ध होय, मुख्य नव्हे. आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांस तर ही पदवी अगदींच यथार्थ आहे!

‘सरदार’ शब्दाचा उत्तरार्धहि असाच फसवा आहे. मराठी ‘दार’ म्हणजे द्वार. संस्कृत ‘दाराः’ म्हणजे पत्नी, आणि तो शब्द नित्य पुल्लिंगी बहुवचनी. फार्सी ‘दार’ म्हणजे धारण करणारा, व त्याचा धातु आपल्या ‘धृ’चा भाऊ. जमीनदार, ठाणेदार, सरदार यांत हा तिसरा ‘दार’ आहे. रूपावरच भिस्त ठेवणाऱ्यानें ‘सरदार’ याचा अर्थ ‘सरोवराचें द्वार’ असा केला तर त्यास अडवणार कोण?

हा प्रकार आपल्याच भाषेंत घडतो असें नाहीं. ‘बुर्रो’ म्हणजे इटलींत लोणी आणि स्पेनमध्यें गाढव. लोण्याचा शब्द लॅटिन ‘बुटिरुम’पासून, गाढवाचा ‘बुरिकुस’पासून. रूप एक, कुळें दोन. याउलट इंग्रजींत ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी व जर्मनींत विष. पण येथें कूळ एकच, कारण दोहोंच्या मुळाशीं ‘देणें’ याच अर्थाचा धातु आहे. तेव्हां रूपसाम्यावरून मूळ ठरत नाहीं, आणि अर्थभेदावरून मूळ निराळें असेंहि म्हणतां येत नाहीं.

जालना जिल्ह्यासारख्या मुलखांत हा विवेक विशेष लागतो. येथें १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, व त्याआधीं मोगलांचा. त्यामुळें एकाच कागदांत संस्कृत, मराठी, फार्सी व अरबी शब्द शेजारीं शेजारीं बसतात. मोगली कागदांत ‘सरकार’ म्हणजे सुभ्याखालचा व परगण्यावरचा मुलकी विभाग. मराठी दप्तरांत तोच शब्द राज्यसत्तेस किंवा धन्यास लागतो. वाचकानें काळ न पाहतां अर्थ लावला, तर ठिकाणाचा निर्देश वसुलाचा निर्देश होऊन बसतो. इ. स. १७१९ त दक्षिणच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा शाहू महाराजांस मिळाल्या. त्यांतील सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा. अशा शब्दाचा अर्थ चुकणें म्हणजे हक्कच चुकणें होय.

मोडीनें ही अडचण वाढविली आहे. तींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत. त्यामुळें ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, आणि अरबी ‘दीन’ म्हणजे धर्म, हे तिन्ही एकाच आकारांत दिसतात. संपादकानें आपल्या मनाचा एक निवडून गुपचूप छापला, तर पुढल्या अभ्यासकास उरलेले दोन कधींच दिसत नाहींत.

ग्रामनामांतहि हेंच. ‘भोकरदन’ ऐकतांच भोकराचें झाड डोळ्यांपुढें येतें. पण सांची व भारहूत येथील दानलेखांत ‘भोगवढन’ म्हणजे भोगवर्धन या गांवचे दाते आढळतात, आणि तें गांव भोकरदनच, असें विद्वानांनीं मान्य केलें आहे. येथें शिलेची साक्ष आहे. उलट ‘जालना’ हें नांव एका श्रीमंत जुलाह्यावरून, म्हणजे विणकऱ्यावरून पडलें अशी आख्यायिका सांगतात. परंतु ‘जु’चा ‘जा’ आणि ‘ह’चा ‘न’ कोणत्या नियमानें झाला, हें ती सांगत नाहीं. शिवछत्रपतींच्या १६७९ च्या स्वारीच्या हकीकतींत हें नगर ‘जालनापूर’ म्हणून येतें. जुलाह्याचा मागमूस त्या रूपांत नाहीं. आख्यायिका आख्यायिका म्हणून जतन करावी, व्युत्पत्ति म्हणून नव्हे.

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें राज्यव्यवहारकोश रचला, तेव्हां त्यानें यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. प्रतिशब्द योजणें व कूळ शोधणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. आमच्या टिपणकारांनीं त्यांची गल्लत केली आहे, आणि त्यांत त्या कोशाचा दोष नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं असे कागद आहेत त्यांस आमचें सांगणें इतकेंच आहे: शब्दाचें लिंग व वचन पाहावें, कागदाचा काळ व दप्तर पाहावें, ध्वनींचा नियम लागू पडतो कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच कूळ लिहावें. तोंवर पाठ जसा दिसतो तसाच छापावा व पर्याय तळाशीं द्यावे. कसर लागलेला कागद पुढल्या पिढीस दिसेलच अशी खात्री नाहीं. तिला आमचें छापील वाचनच मूळ वाटणार आहे.