जीवाणुजन्य प्लास्टिक : ‘विघटनशील’ या विशेषणाची चिकित्सा

मोरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये पाश्चर संस्थेत वर्णिलेले पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हा जीवाणूंचा अन्नसंचय होय. पॉलिप्रॉपिलीनशी त्याची सर्रास केली जाणारी तुलना वितळणबिंदूपुरती (सुमारे १७५° से.) ग्राह्य आहे; पण ताणल्यास पॉलिप्रॉपिलीन कित्येक पट लांबते, तर हे जेमतेम ५ टक्के लांबून तुटते. हायड्रॉक्सिव्हॅलरेटाची जोड दिल्यास ठिसूळपणा घटतो. १९९० मध्ये जर्मनीत विकावयास आलेल्या शांपूच्या बाटल्या अशाच सहबहुवारिकाच्या होत्या.

विघटनाविषयीची विधाने याहून सैल असतात. स्थळ, तापमान व जाडी न सांगता केलेला दावा शास्त्रीय नव्हे, जाहिरातीचा होय. विघटक विकरे सूक्ष्मजीवच स्रवतात; म्हणून उबदार, ओलसर खतात हा पदार्थ लवकर झिजतो, थंड समुद्रतळाशी फार सावकाश, आणि कोरड्या फडताळात जवळजवळ नाहीच.