‘नेहमीसारखी सजवलेली खोली’ म्हणजे कुणाची खोली? फ्लॉइड टूल यांचं पुस्तक आणि आपला हॉल

होम थिएटर घ्यायचं म्हटलं की चर्चा लगेच वॅट, ब्रँड आणि किमतीवर जाते. दुकानदार ‘पीएमपीओ’चे भलेमोठे आकडे दाखवतो, मित्र जाड केबल घ्यायला सांगतो आणि यूट्यूबवरचा कुणीतरी ‘हा स्पीकर घेतलात तर बाकीचे विसराल’ म्हणतो. या गोंगाटात एक पुस्तक खरोखर शांतपणे बोलतं. फ्लॉइड टूल यांचं ‘साउंड रिप्रॉडक्शन’. पहिली आवृत्ती २००८ची, मी वाचली ती २०१७ची तिसरी. या विषयावर एकच पुस्तक वाचणार असाल तर हेच वाचा, असं मी आधीच सांगून टाकतो. तरीही या लेखात मी त्याच्याशी थोडं भांडणार आहे. भांडण विज्ञानाशी नाही. ते विज्ञान कुणाच्या घरात आणि कुणाच्या कानांवर तपासलं गेलं, याबद्दल आहे.

आधी पुस्तकाचं बळ

टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९६५ ते १९९१ काम केलं आणि मग हार्मन या कंपनीत ध्वनिसंशोधनाची धुरा सांभाळली. त्यांचा मूळ प्रश्न साधा आहे: लोकांना कोणता आवाज ‘चांगला’ वाटतो, आणि ते आधी मोजून सांगता येईल का?

यासाठी त्यांनी स्पीकर पडद्याआड ठेवले. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा बघून आणि एकदा न बघता ऐकवले. श्रोते सगळे हार्मनचेच कर्मचारी होते, म्हणजे रोज आवाजाशीच काम करणारे. स्पीकर दिसत असताना मोठ्या, महागड्या आणि आपल्या कंपनीच्या स्पीकरला भरघोस गुण मिळाले. पडदा आला आणि ते अंतर बरंचसं आटलं. जाणकारांचे कानसुद्धा डोळ्यांचं ऐकतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग कमीच असतील.

दुसरा टप्पा २००४चा. ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरची मोजमापं घेतली आणि त्यावरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारं गणित मांडलं. वर्तवलेले आणि प्रत्यक्ष गुण यांचा सहसंबंध ०.८६ आला. याचा वर्ग केला तर ०.७४ मिळतो, म्हणजे पसंतीतला सुमारे तीन चतुर्थांश फरक मोजमापांवरून समजतो. ‘आवाज हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न’ असं म्हणणाऱ्यांना हे सणसणीत उत्तर आहे. या गणितात खर्ज किती खालपर्यंत उतरतो याचाच वाटा सुमारे ३० टक्के आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते पुस्तकाचा गाभा: खोलीत दोन वेगवेगळी राज्यं असतात. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या वर स्पीकरचं राज्य. तिथे स्पीकर चांगला असेल तर कान खोलीशी जुळवून घेतात, आपण खोलीच्या ‘पलीकडचं’ ऐकतो. त्या सीमेच्या खाली मात्र खोलीचं राज्य. तिथे कितीही महाग स्पीकर आणा, तो खोलीच्या तालावर नाचतो.

आपल्या हॉलचं गणित

आता हे आपल्या टू बीएचकेच्या हॉलला लावून बघू. समजा हॉल १० बाय १५ फूट, उंची साडेनऊ फूट. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात. पहिल्याची वारंवारता काढायची तर ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचा. लांबीला सुमारे ३७ हर्ट्झ, रुंदीला ५६, उंचीला ५९. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातले निस्पंद आणि प्रस्पंद आठवतात? इथे ते तुमच्या सोफ्याखाली असतात. हॉलच्या लांबीच्या बरोबर मधोमध बसलात तर ३७ हर्ट्झचा खर्ज जवळपास गायब. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच छातीवर आदळतो.

आणि आपला सोफा कुठे असतो? भिंतीला टेकलेला. त्यामुळे ‘सबवूफर नुसता घुमतो’ ही तक्रार पुष्कळदा सबवूफरची नसतेच.

यावर पुस्तकात सांगितलेला उपाय सुंदर आहे. टॉड वेल्टी यांनी २००२ साली किती सबवूफर पुरेसे, याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मधोमध दोन सबवूफर ठेवले तर आयताकृती खोलीत बरंच काम होतं. कारणही सोपं आहे. लांबीच्या पहिल्या स्थिर तरंगात एका टोकाला दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो कमी होतो. एकाच वेळी, एकाच दिशेने ढकलणारे दोन सबवूफर तो तरंग एकमेकांत मिटवतात. आणि रुंदीच्या मधोमध असल्यामुळे ते ५६ हर्ट्झच्या निस्पंदावर बसलेले असतात, म्हणून तोही जागा होत नाही. म्हणजे एका अवाढव्य सबवूफरपेक्षा दोन लहान बरे.

इथपर्यंत सगळं छान. भांडण इथून पुढे.

पहिला आक्षेप: खोली

पुस्तकात पुन्हा पुन्हा एक कल्पना येते: नेहमीसारखी सजवलेली राहती खोली. अशा खोलीत वरच्या वारंवारतांसाठी फार खटाटोप लागत नाही, असा टूल यांचा सूर आहे. बाजूच्या भिंतींवरून येणारी पहिली परावर्तनं पुसून टाकायची घाई करू नका, त्यांनी आवाजाला विस्तार येतो, असंही ते पुराव्यानिशी सांगतात.

पण ही ‘नेहमीसारखी’ खोली उत्तर अमेरिकेतली आहे. लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या भिंती, खाली गालिचा, गुबगुबीत फर्निचर. जिप्समची भिंत खर्जाबरोबर किंचित हलते आणि त्यातली थोडी ऊर्जा खाते. नेहमीच्या तक्त्यांमध्ये १२५ हर्ट्झला तिचा शोषणांक ०.२९च्या आसपास दिलेला असतो. आपली प्लास्टर केलेली विटेची भिंत ०.०१ ते ०.०२. म्हणजे आपली भिंत खर्जाला जवळजवळ पूर्ण परत पाठवते. स्थिर तरंग तेच, पण आपल्याकडे ते जास्त टोकदार आणि जास्त वेळ रेंगाळणारे.

वरच्या वारंवारतांचंही तसंच. व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत छत, बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा. सबाइनचं सूत्र लावू: निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले एकूण शोषण. आपल्या हॉलचं आकारमान सुमारे ४० घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून सुमारे ७२ चौरस मीटर. सरासरी शोषणांक ०.०३ धरला तर रिकाम्या हॉलचा निनादकाल ३ सेकंद येतो! सोफा, पडदे, माणसं यांनी अजून ६ एकक शोषण दिलं तरी सुमारे ०.८ सेकंद. घरात ऐकण्यासाठी अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी हवा.

टूल यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. भिंतींच्या शोषणाबद्दल, निनादकालाबद्दल त्यांनी लिहिलंय. पण त्यांचा ‘खोलीची फार काळजी नको’ हा दिलासा ज्या गृहीतावर उभा आहे, ते गृहीत आपल्या हॉलमध्ये सुरुवातीलाच मोडतं. आणि पुस्तकाचा सारांश वाचून सल्ले देणारे लोक नेमकं ते गृहीतच गाळतात. ‘टूल म्हणतात खोलीचं सोडा, स्पीकरवर खर्च करा’ एवढंच उरतं.

दुसरा आक्षेप: कान

हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टूल यांच्या कॅनडातल्या सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये एक गोष्ट लक्षात आली: ज्यांना कमी ऐकू येतं ते श्रोते एकाच स्पीकरला दर वेळी वेगळे गुण देतात. त्यामुळे उत्तरं विस्कळीत होतात. म्हणून पुढच्या प्रयोगांसाठी सामान्य श्रवणशक्तीचे श्रोते निवडले गेले. प्रयोग म्हणून हे अगदी बरोबर आहे. मोजपट्टीच हलत असेल तर लांबी कशी मोजणार?

पण घरात तसं निवडता येत नाही. संध्याकाळी हॉलमध्ये आजोबा असतात, आई असते. ‘गाणी ठणठणतात आणि बोललेलं कळत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा त्यांच्याकडून येतं. टूल वयाबरोबर येणाऱ्या श्रवणदोषाबद्दल मोकळेपणाने लिहितात, पण त्यांच्या संशोधनाचं माप ‘पसंती’ हे आहे. ‘बोललेलं कळणं’ हे वेगळं माप आहे. ज्या गणितात खर्जाला ३० टक्के वजन आहे, ते गणित सत्तरीतल्या माणसाला संवाद कळेल की नाही याबद्दल फारसं बोलत नाही. शिवाय त्यातले बहुतेक प्रयोग एका वेळी एकच स्पीकर ऐकवून केलेले आहेत, कारण तसं केल्यावर दोष लवकर पकडता येतात. होम थिएटरमध्ये पाच-सात स्पीकर एकदम बोलत असतात.

आता बघा काय होतं. वयाबरोबर आधी वरच्या वारंवारता जातात. स, श, त, फ यांसारखी व्यंजनं मुख्यतः तिथेच असतात. त्यात हॉलचा निनाद म्हणजे आधीच्या स्वराची शेपटी, जी पुढच्या व्यंजनावर येऊन बसते. वरून पंखा. तरुण कान यातून वाट काढतो, आजोबांचा नाही. इथे टूल यांचं एक म्हणणं नीट वाचायला हवं: लवकर येणारी परावर्तनं, म्हणजे साधारण ५० मिलिसेकंदांच्या आतली, बोलणं कळायला मदतच करतात. खरं आहे. आपला त्रास त्यानंतर रेंगाळणाऱ्या निनादाचा आहे. दोन्ही ‘परावर्तनं’च, पण एक मित्र आणि एक शत्रू.

अजून एक खाच आहे. चित्रपटातले संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमधून येतात. सेटसोबत येणारा सेंटर स्पीकर बहुतेक वेळा आडवा असतो, दोन वूफर शेजारी शेजारी. समजा ते ३० सेंमी अंतरावर आहेत आणि दोन्हींतून तोच आवाज येतोय. बाजूच्या दिवाणावर ३० अंशांच्या कोनात बसलेल्याला दोन्हींच्या अंतरात १५ सेंमीचा फरक पडतो. सुमारे ११४० हर्ट्झला तो बरोबर अर्धी तरंगलांबी होतो आणि आवाज तिथे खचतो, ऐन बोलण्याच्या पट्ट्यात. या आडव्या रचनेचा दोष टूल स्पष्ट सांगतात. पण दिवाणावर नेमकं कोण बसतं, हे त्यांच्या आलेखात दिसत नाही!

मग करायचं काय?

पुस्तक आणि आक्षेप दोन्ही धरून माझा क्रम असा:

१. आधी खोली. टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेच्या दरवाजाला चुण्या असलेले जाड पडदे, एका भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट. मग टाळी वाजवून बघा, फरक लगेच कळेल. खर्जाला याने फारसा फरक पडणार नाही, ते काम जागा बदलण्याचं.

२. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणता आला तर आणा.

३. सबवूफर थोडा वेळ सोफ्यावर ठेवा, खर्जाची एकसारखी धून लावा आणि जमिनीलगत कान नेत हॉलभर फिरा. जिथे खर्ज सर्वांत सम लागेल तिथे सबवूफर ठेवा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं उत्तर बदलत नाही, म्हणून हे चालतं. घरचे हसतील, हसू द्या. रात्री दहानंतर मात्र तो कमी करा. स्लॅबमधून खर्ज खालच्या मजल्यावर आरामात पोचतो.

४. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलू नका. कडेपर्यंत पुढे आणा, तोंड बसलेल्यांच्या कानाकडे करा. त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. ‘संदर्भ पातळी’ बिघडेल, पण आजोबांना कथा कळेल.

५. केबलवर पैसे घालवू नका. १.५ चौरस मिमीची तांब्याची साधी वायर ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन रोध ०.१२ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरला तोटा ०.१२ डेसिबल. तो ऐकू येत नाही.

६. वॅटच्या आकड्याने दिपू नका. वॅट दुप्पट केले तर मिळतात ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

७. लॅमिंग्टन रोडवर असो की मॉलमध्ये, दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करायला लावा. किंचित मोठा वाजणारा नेहमी ‘स्वच्छ’ वाटतो. आणि डोळे मिटा. १९९४चा प्रयोग विसरू नका.

टूल यांनी आपल्याला शिकवलं की आवाजाबद्दलच्या दाव्याला विचारायचं: कुणी ऐकलं, कसं ऐकलं, पडदा होता का? हे पुस्तक वाचताना मी तोच प्रश्न पुस्तकाला विचारला. ७० स्पीकर, प्रशिक्षित कान, जिप्समच्या भिंती. त्या चौकटीत पुस्तक भक्कम आहे आणि तिच्याबाहेर आपल्याला स्वतः मोजावं लागेल. टाइल्सच्या हॉलमध्ये, पंखा चालू असताना, साठीपुढच्या श्रोत्यांना मराठी संवाद किती कळतात, हे मोजायला फार महागडी प्रयोगशाळा लागत नाही. शब्दांची एक यादी, दोन स्पीकर आणि संयम पुरेसा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या कुणी हा उचलला तर फार बरं होईल.

तोपर्यंत नवीन स्पीकरच्या आधी गालिचा घ्या.