नामांतर आणि अर्थांतर : लॅटिनमधील ग्रीक विशेषनामे

विशेषनामाचे भाषांतर होत नाही, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. लॅटिनने ग्रीक पुराणकथा व भूगोल यांतून स्वीकारलेली नामे पाहता हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. आपल्या व्याकरणपरंपरेतील तद्भव-तत्सम हा भेद येथे उपयुक्त ठरतो.

'हेराक्लेस'चे 'हेर्कुलेस' आणि 'पोलिदेउकेस'चे 'पोल्लुक्स' ही तद्भव रूपे होत. त्यांवर एट्रुस्कन उच्चाराचा ठसा आहे. 'ओडिस्सेउस'चे 'उलिक्सेस' होण्यामागे 'ल'कारयुक्त ग्रीक बोलीरूप आहे. 'आक्रागास' व 'तारास' या नगरांची 'आग्रिगेंटुम' व 'तारेंटुम' ही नावे प्रथमेवरून नव्हे, तर द्वितीयेच्या रूपांवरून सिद्ध झाली. ही नामे ग्रंथांतून नव्हे, मुखांतून आली.

या प्रवासात अर्थही बदलतो. 'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गात नायकाच्या नावाचा संबंध क्रोधवाचक क्रियापदाशी जोडला आहे. 'उलिक्सेस'मध्ये तो श्लेष नाहीसा होतो. उलट 'पेर्सेफोने'ची 'प्रोसेर्पिना' झाल्यावर वॅरोला त्या नावात सरपटत पुढे जाण्याचा लॅटिन अर्थ सापडतो.

साहित्यिक निवड याहून वेगळी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लिव्हिउस आंद्रोनिकुसने 'ओडिसी'चे भाषांतर करताना ग्रीक 'मूसा'च्या जागी इटालीय 'कामेना' आणली; पुढे एन्निउसने 'मूसा'च स्वीकारली. सिसेरोच्या साक्षीप्रमाणे एन्निउस 'पिर्रुस'ऐवजी 'बुर्रुस' लिहीत असे. म्हणजे तत्सम देवतेचा कवी लेखनात तद्भवच होता. क्विंटिलियनच्या काळापर्यंत ग्रीक नामे ग्रीक पद्धतीनेच चालवण्याकडे नव्यांचा कल झाला होता. त्याने शक्य तेथे लॅटिन पद्धती पसंत केली. तथापि सीझरने वापरलेले 'कालिप्सोनेम' हे रूप त्यालाही रुचले नाही.

म्हणून तद्भव नामांना अपभ्रष्ट अनुकरण ठरवणे अपुरे आहे. 'एनेआस'चे ग्रीक द्वितीयारूप योजणारा व्हर्जिल 'उलिक्सेस' मात्र सोडत नाही. ट्रॉयच्या पराभूतांच्या दृष्टीने पाहिलेला तो कपटी पुरुष होमरच्या नायकाहून भिन्न आहे, आणि त्याचे नावही भिन्न आहे.

मराठीत 'युलिसिस' हे रूप इंग्रजीमार्गे लॅटिनमधूनच आले. होमरविषयी लिहिताना ते योजणारा समीक्षक केवळ उच्चार निवडत नाही. रोमने त्या नायकावर दिलेला निवाडाही नकळत सोबत आणतो.