तालमीचा खर्च कोण उचलणार?

यंत्र आणि व्यवसाय या दोन्ही गोष्टी हिंदुस्थानी रागसंगीताला नव्या नाहीत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं आणि तासभर फुलणारा राग सुमारे तीन मिनिटांत मांडायची वेळ आली. त्याच्या आदल्याच वर्षी विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. तिकीट लावून जलसे, क्रमिक पुस्तकांसाठी छापखाना, वाद्यांसाठी कारखाना असा त्यांचा व्याप होता. पुढे कर्जापायी मुंबईतल्या विद्यालयाची इमारत लिलावात गेली. तरी त्यांच्या शिष्यांनी गावोगावी संगीतशाळा काढल्या आणि १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. वास्तू गेली, विद्या टिकली. कारण सगळा व्यवहार शिष्य घडवण्यासाठी चालला होता. आजच्या संगीत-उद्योगाला मी हाच निकष लावतो.

या उद्योगाचं देणं मोठं आहे. पूर्वी गाणं शिकायचं तर घराण्यात जन्म, मोठ्या शहरात बिऱ्हाड किंवा उस्तादांची मर्जी यांतलं काहीतरी असावं लागे. आता मल्लिकार्जुन मन्सूर आणि केसरबाई केरकर यांचं गाणं आडगावातल्या मुलीलाही हवं तेव्हा ऐकता येतं. अमेरिकेतल्या मराठी घरातला मुलगा पुण्यातल्या गुरूंकडे शिकू शकतो. गावात दोन-चारच विद्यार्थी मिळणाऱ्या शिक्षिकेला जगभरातून विद्यार्थी मिळतात आणि तिचा संसार संगीतावर चालतो. ज्यांना विद्येची दारं बंद होती, त्यांच्यासाठी हा फार मोठा बदल आहे.

मात्र शिकवण्यात नेमकं काय बदललं, हे बारकाईनं पाहायला हवं. सुरुवात तानपुऱ्यापासून करू. बंगळूरच्या रॅडेलसारख्या कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघर नेला आणि आता तो मोबाइलमध्येच असतो. प्रवासात, लहान खोलीत, एकट्यानं रियाज करणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. पण हा तानपुरा कधी उतरत नाही आणि त्यामुळे विद्यार्थ्याला तो लावावाही लागत नाही. खुंटी पिळून, मणी सरकवून, जवारीचा दोरा नेमक्या जागी आणून तार बोलती करणं हीच कानाची पहिली तालीम असते. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनाचं चीज व्हायचं तर तानपुरा मांडीवर घेऊन जुळवणारे हात वाढायला हवेत.

ऑनलाइन तालमीची अडचण वेगळी आहे. आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. गुरूंनी गायचं, मग शिष्यानं म्हणायचं, एवढं जमतं. पण गुरूंच्या मागे बसून आस देत गाणं, त्यांच्या श्वासाबरोबर आपली जागा शोधणं राहून जातं. त्यातच व्हिडिओ कॉलचं तंत्र बोलण्यासाठी घडवलेलं आहे. तानपुऱ्याचा अखंड नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, आणि सेटिंग बदललं नाही तर ते तो नाद दाबून टाकतं. ज्या षड्जावर सगळं उभं आहे, तोच असा गाळला जातो.

आता गाणं तपासणारी ॲपही आली आहेत. ‘रियाज’सारखं ॲप आपण लावलेला सूर पडद्यावर रेषेनं दाखवतं आणि गुण देतं. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला अलंकार पक्के करायला ते नक्की उपयोगी पडतं. पण दरबारी रागाचा आंदोलित गंधार एका बिंदूवर थांबत नाही. तो कुठून आला, किती रेंगाळला, कुठे निघाला यावर त्याचं दरबारीपण ठरतं. रेषा त्याची हालचाल दाखवू शकते. ती हालचाल त्या क्षणी त्या गळ्यात शोभली की नाही, हे जाणता कानच सांगतो.

खरी गाठ अर्थकारणात आहे. एकदा चित्रित केलेला पाठ हजारो वेळा विकता येतो. एका शिष्याचा एक पलटा सुटेपर्यंत महिनाभर बसलेल्या गुरूंचा वेळ तसा विकता येत नाही. म्हणून भांडवल पहिल्या गोष्टीकडे धावतं. अल्प मुदतीचे कोर्स, प्रमाणपत्रं, दोन महिन्यांत गाणं बसवून देण्याच्या जाहिराती वाढतात. विलंबित ख्याल विकायला अवघड, म्हणून तो अभ्यासक्रमात मागे पडतो. हा दोष यंत्राचा नाही. कशाची किंमत मोजायची हे आपण ठरवतो.

वेगळं ठरवता येतं, याचं उदाहरण कोलकात्यात आहे. आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत एका उद्योगसमूहानं गुरूंच्या निवासाची आणि शिष्यवृत्तीची सोय केली. उल्हास कशाळकरांसारख्या गुरूंनी तिथे वर्षानुवर्षं शिष्य घडवले. महाराष्ट्रात एवढा मोठा श्रोतृवर्ग आहे, एवढे उद्योग आहेत. इथे अशी गुरुकुलं जिल्ह्याजिल्ह्यांत का नसावीत? ऑनलाइन वर्गांच्या कमाईतला ठरावीक वाटा समोरासमोरच्या तालमीसाठी, गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि मिरजेच्या वाद्यांच्या खरेदीसाठी राखून ठेवता येईल. ॲपनं सूर तपासावा, चित्रफितीनं बंदिश पोचवावी आणि त्यातून वाचलेला गुरूंचा वेळ शिष्याच्या गळ्यावर खर्च व्हावा. असा व्यवहार उभारणाऱ्या उद्योजकाला मी पलुस्करांचा वारसदार म्हणेन, आणि आज रागसंगीताला त्याचीच सर्वांत जास्त गरज आहे.