सत्तर गुण, पण कशाचे?

परिचारिकांचा संगणकाकडे बघायचा दृष्टिकोन मोजायचा म्हटलं, की थोडं वाचन झाल्यावर तुमच्या हाती स्ट्रॉन्ज आणि ब्रॉट यांची १९८५ सालची प्रश्नावली येईलच. वीस विधानं, प्रत्येकाला 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय, एकूण गुण २० ते १००. गुण जास्त म्हणजे दृष्टिकोन अनुकूल. वापरायला सोपी आहे, म्हणूनच कोणी नीट वाचत नाही.

आधी साल बघा. विंडोजची पहिली आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. बऱ्याच परिचारिकांसाठी संगणक तेव्हा अजून यायचा होता, त्यामुळे नोकरी जाईल का, हा प्रश्न रास्तच होता.

पण माझी खरी तक्रार एका विधानाबद्दल आहे. संगणकामुळे परिचारिकांचं कागदी काम खूप कमी झालंय, अशा अर्थाचं ते आहे. आता आपल्याकडच्या एएनएम ताईंचा विचार करा. २०१६ मध्ये 'अनमोल' अ‍ॅप आलं, गरोदर बायका आणि बाळांची नोंद टॅबलेटवर घ्यायची ठरलं. जिथे जुनं रजिस्टर बंदच झालं नाही, तिथे तीच नोंद दोनदा. अशा ताईंनी 'पूर्ण असहमत'वर खूण केली, तर त्या खरं तेच सांगतायत. आपण मात्र त्यांचे गुण कापतो आणि प्रबंधात लिहितो, 'दृष्टिकोन प्रतिकूल, प्रशिक्षणाची गरज.' प्रशिक्षणाने रजिस्टर कसं बंद होणार?

इथे कुणीतरी क्रॉनबाख अल्फा पुढे करतं. अल्फा चांगला आला, तर विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं. ती काय मोजतायत, हे नाही. (व्हायव्हात हा प्रश्न येतो, तयार राहा.)

कौशल्याचंही तेच. 'तुम्हाला संगणक किती येतो?' याचं उत्तर आत्मविश्वास सांगतं. त्यापेक्षा एका काल्पनिक रुग्णाची नोंद करायला द्या, वेळ आणि चुका मोजा. सुट्टीच्या दिवशी नाही, ड्युटी संपतानाही नाही. थकलेल्या माणसाची परीक्षा होते ती.

प्रश्नावली टाकून द्या असं नाही म्हणत. फक्त बेरजेआधी प्रत्येक विधानाचा वेगळा तक्ता करा आणि सुरुवातीला एक साधा प्रश्न घाला: काल एकच माहिती तुम्ही किती ठिकाणी लिहिली?