तक्त्यावरचे गुरुत्वाकर्षण

मलकापुरातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग नुकताच आला. एका टेबलामागे दोन तक्ते शेजारी शेजारी लावले होते. पहिल्यावर लिहिले होते, 'न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला.' दुसऱ्यावर यानात तरंगणाऱ्या अंतराळवीराचे चित्र होते आणि खाली ओळ होती, 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते.' बघायला आलेल्या एका मुलाने विचारले, ''तिथं गुरुत्वाकर्षण नसतं, तर चंद्र पृथ्वीला सोडून का जात नाही?'' माहिती सांगणारी मुलगी गप्प झाली. आम्हा मोठ्यांपैकीही कोणी चटकन पुढे आले नाही.

हे दोन्ही तक्ते आपल्या शाळांतून नेहमी दिसतात. ते वेगवेगळ्या विषयांवरचे वाटतात, पण आमच्या मते दोन्हींमधून निसटलेली गोष्ट एकच आहे.

आधी भास्कराचार्य. मलकापूरहून मुंबईच्या बाजूने रेल्वेने निघालो की भुसावळ, जळगावनंतर चाळीसगाव लागते. तेथून जवळच पाटणे आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, असे तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो. तेव्हा हा वारसा आपल्या अगदी शेजारचा आहे आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण अभिमान नेमका कशाचा बाळगायचा, हे ठरवण्यासाठी मूळ ग्रंथाकडे जायला हवे.

११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात भास्कराचार्य एक प्रश्न घेतात : पृथ्वी कशावर टेकली आहे? तिला आधार मानला तर त्या आधारालाही आधार लागेल, आणि ही मालिका संपणार नाही. शेवटी कोणाला तरी स्वतःच्या शक्तीने राहावे लागणार असेल, तर पृथ्वीलाच तसे का मानू नये? पुढे ते म्हणतात की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे. ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढते, म्हणून त्या पडताना दिसतात. चहूकडे सारखेच आकाश असताना पृथ्वी स्वतः कुठे पडणार? आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजही वर्गात वाचून दाखवावा इतका स्वच्छ आहे.

आता यात काय नाही तेही पाहू. पृथ्वी दगडाला ओढते, पण दगडही पृथ्वीला तेवढ्याच बलाने ओढतो, हे यात नाही. अंतर वाढले की बल किती कमी होते, हेही नाही. मुख्य म्हणजे ही शक्ती चंद्राला फिरवते, असे भास्कराचार्य म्हणत नाहीत. आकाशातील ज्योतींच्या रोजच्या फेऱ्यासाठी ते परंपरेप्रमाणे 'प्रवह' नावाचा वारा मानतात. जमिनीवरचे पडणे आणि आकाशातील फिरणे हे त्यांच्या मांडणीत दोन वेगळे विषय राहतात.

न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त हे दोन विषय एक केले, आणि तेही आकड्यांनी. हा हिशेब फळ्यावर दहा मिनिटांत होतो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या दूर आहे. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर ते तेथे ३६०० पट कमी भरावे. जमिनीजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. म्हणजे चंद्राने एका सेकंदात त्याच्या ३६०० व्या भागाइतके, सुमारे १.३६ मिलिमीटर पडायला हवे. आता दुसऱ्या बाजूने तपासू. चंद्राचे अंतर ३,८४,४०० किलोमीटर आणि एका प्रदक्षिणेचा काळ २७.३ दिवस. यावरून त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.०२ किलोमीटर येतो. इतक्या वेगाने सरळ न जाता तो एका सेकंदात पृथ्वीकडे किती वळतो? उत्तर तेच येते, १.३६ मिलिमीटर. चंद्रही पडतोच आहे. फक्त त्याला आडवा वेग आहे, म्हणून तो पृथ्वीवर न आदळता तिच्याभोवती पडत राहतो.

आता दुसरा तक्ता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश असते. अंतराळवीर तरंगतो, कारण तो आणि त्याचे यान दोघेही एकाच त्वरणाने पडत आहेत. त्यामुळे यानाची जमीन त्याच्या पायाला रेटत नाही आणि वजन जाणवत नाही. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात तरंगले तेही असेच. 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते' हे वाक्य खरे असते, तर यान पृथ्वीभोवती फिरलेच नसते.

दोन्ही तक्त्यांतून निसटलेली गोष्ट ती हीच : जमिनीवर आणि अवकाशात नियम एकच आहे. अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते असे शिकलेल्या मुलाला न्यूटनने नवे काय केले ते कळत नाही. मग त्याच्या लेखी शोध म्हणजे 'वस्तू खाली पडते' एवढेच उरते, आणि तो आधी कोणी लावला, याची शर्यत सुरू होते. त्या शर्यतीत भास्कराचार्यांचे खरे काम, म्हणजे 'आधाराला आधार कोणता' असे निर्भयपणे विचारणे, कोणी वाचतच नाही.

न्यूटनपाशीही गोष्ट संपली नाही. मधल्या रिकाम्या जागेतून ओढ पोचते कशी, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये ते वेगळ्या रीतीने मांडले. त्याच सिद्धांतातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की तक्ते फाडू नका, दुरुस्त करा. पहिल्यावर भास्कराचार्यांनी काय म्हटले आणि काय म्हटले नाही, ते दोन स्तंभांत लिहा. दुसऱ्यावर '१.३६ मिलिमीटर' लिहून त्याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. आणि मलकापूरच्या त्या मुलाचा प्रश्न दोन्हींच्या वर मोठ्या अक्षरांत लावा.